माकडहाड विरुद्ध जहाज

१४ जानेवारी

उभ्याने लिहितो आहे. काउंटरवर डायरी, हातात पेन आणि खाली माझे दोन पाय. यापुढे काही आठवडे माझा आणि खुर्चीचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. माकडहाडाला चीर गेली. माणूस माकडापासून झाला यावर माझा कधी विश्वास नव्हता. एक्स-रे पाहिल्यापासून बसला आहे. तेवढा तरी कोणी बसला.

डायरी बियाण्याच्या कंपनीची. गेल्या खरिपात धानाचं बियाणं सर्वांत जास्त खपवणाऱ्या आम्हा भंडारा जिल्ह्यातल्या चाळीस कृषी केंद्रवाल्यांना कंपनीने मुंबईहून गोव्यापर्यंत जहाजाने फिरवलं, आणि वर ही डायरी दिली. चाळीसही जण असे, की वैनगंगेपेक्षा मोठं पाणी कोणी पाहिलं नव्हतं. मोबाईलला नेटवर्क नाही, जेवणात भात आहे पण तो भातासारखा नाही, आणि चारही बाजूंना एवढं पाणी असून एक बांध नाही. बपेऱ्याचे देवाजी कठड्यावरून खाली पाहत म्हणाले, "एवढं पानी, अन् धानाले काही उपयोग नाही. बेकार."

देवाजी म्हणजे माझे होणारे इवाई. बपेरा तिकडे तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाला लागून. तिथे त्यांचं दुकान. त्यांचा विक्की आणि माझी हर्षा यांचं लग्न आम्ही दोन बापांनी त्याच कठड्याला टेकून पक्कं केलं. समोर सूर्य बुडत होता आणि दोघांनाही मळमळत होतं. अशा वेळी माणूस मोठे निर्णय पटकन घेतो.

आता पडण्याचं. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सत्कार होता. दारातून पाहिलं तर आत दुधासारखा गालिचा आणि स्टेजवर समई. समई पेटलेली दिसल्यावर चपला घालून आत जाणार कोण? मी काढल्या. माझं पाहून मागच्या एकोणचाळीस जणांनी काढल्या. जहाजाची गणवेशातली पोरगी इंग्रजीत काहीतरी विनवत होती. आम्ही "राहू द्या, राहू द्या" म्हणून पुढे गेलो. दाराशी लग्नघरासारखा ढीग झाला.

माझ्या चपला नव्या होत्या. हर्षाने जहाजासाठी म्हणून नागपुरातून आणलेल्या, तपकिरी, मागे पट्टा. त्या मी नेहमीच्या पद्धतीने ठेवल्या: डावी दाराच्या या टोकाला, उजवी त्या टोकाला, ढिगाच्या तळाशी. चोर जोड शोधत बसत नाही. देऊळ असो, लग्न असो, तेरवी असो, माझी चप्पल आजवर गेलेली नाही.

भाषणं लांबली, मी लघवीला उठलो. बाहेर डावी सापडली, घातली. उजवी जागेवर नाही. शेजारीच संडासाची ओली फरशी. अनवाणी पाय टेकवायची हिंमत होईना. म्हणून एका पायावर उड्या मारत शोधत होतो. देवाजीही तिथेच होते, फोन करायला आधीच बाहेर आले होते. ते वळले, मी वळलो, मध्ये ढीग आला आणि मी बसलो. इतका जोरात आयुष्यात कधी बसलो नव्हतो.

देवाजींचा चांगुलपणा मात्र लिहून ठेवला पाहिजे. लोक जमायच्या आत त्यांनी माझा डावा पाय मांडीवर घेतला आणि चोळू लागले. मार कुठे, चोळणं कुठे. पण अशा वेळी भावना पाहायची. त्या गडबडीत डावी चप्पलही कुठे गेली कळलं नाही. जहाजवाल्यांनी मला स्ट्रेचरवर पालथं घातलं. सत्कारही पालथाच झाला. शाल कमरेवर टाकली आणि नारळ डोक्याजवळ ठेवला. लांबून पाहणाऱ्याचा गैरसमज झाला असता.

आज संक्रांत. तीळगूळ उभ्याने घेतला.

१८ जानेवारी

भेटायला येणाऱ्यांची रीघ आहे. शेजारच्या शकुनबाई आल्या.

"काहून उभे आहा जी? बसा ना."

"बसता येत नाही."

"काहून?"

"हाड मोडलं."

"कोनतं?"

"मागचं."

"मागचं म्हंजे?"

माझी बायको ललिता आतून म्हणाली, "ज्याच्यावर माणूस बसते, थे." शकुनबाईंनी पदर तोंडाला लावला आणि हळूच म्हणाल्या, "पेल्यावर असंच होते जी. चालाचंच."

मी पेल्यावर! मोहाच्या झाडाखालून जाताना नाक दाबणारा मी. "कोनं सांगतलं?" विचारलं तर म्हणे, "अख्खी पवनी सांगून राहिली. जहाजात फुकटची होती म्हनते, अन् तुमी दिवसाढवळ्या एका पायावर नाचत होते."

संध्याकाळी देवाजींचा फोन. आवाज पडलेला. "घनश्यामभाऊ, बेबीच्या कानावर गेलं." बेबीबाई म्हणजे विक्कीची आई. "थे म्हनते, बेवड्याच्या घरची पोरगी नोको. शिमग्यापर्यंत वाट पाहीन, नाही तं बालाघाटवाल्याईची पोरगी पक्की."

"अहो, पण तुम्ही होते ना तिथं! सांगा ना त्यांना."

"सांगून राहिलो ना भाऊ, पन थे मानत नाही. तिले कागद पाह्यजे. जहाजाच्या शिक्क्याचा, का हा मानूस पेऊन नोहोता." मग म्हणाले, "अफवा पवनीच्या इश्वरनं उठवली असंल. त्याचं बियानं कमी खपलं होतं."

इश्वरच असणार. जहाजावर त्याने माझ्या ताटातला पापडसुद्धा उचलला होता.

२२ जानेवारी

देवाजी स्वतः भेटायला आले. बपेऱ्याहून इकडे पवनी तालुक्यात आमच्या कोंढ्यापर्यंत, अर्धा जिल्हा पार करून. होणारा इवाई असावा तर असा. मी दारातच स्वागताला उभा होतो (मी सगळीकडे उभाच असतो). ते गाडीतून उतरले. पायात अगदी माझ्यासारख्याच तपकिरी चपला.

"वा," मी म्हणालो, "आपली आवड जुळते. कुठून घेतल्या?"

"तुमसरवरून," ते म्हणाले आणि घाईने काढून आत आले.

मनात आलं, हर्षाला नागपूरपर्यंत उगीच धाडलं. तुमसरला मिळत होत्या.

हर्षा पाणी घेऊन आली, मग तिने दाराशी जाऊन पाहुण्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या. हल्ली कोणत्या मुली करतात? बराच वेळ वाकून करत होती. नंतर चहा आणला, तर देवाजींच्या कपात साखरच नव्हती. पोरगी लाजली असणार.

देवाजी म्हणाले, "लढा भाऊ तुमी. जहाजवाल्याईले सोडू नका. कागद घ्याच."

ते गेल्यावर हर्षाने विचारलं, "बाबा, जहाजात कॅमेरे असतात का?"

"असतील."

"मंग वकील पाहू," ती म्हणाली. सासर टिकावं म्हणून मुलगी इतकी धडपडते, हे पाहून डोळ्यांत पाणी आलं. बाप झाल्याचं सार्थक उभ्या उभ्या झालं.

२९ जानेवारी

वकिलाआधी पोलिसात नोंद असावी, असं तीन जणांनी सांगितलं. ठाण्यात गेलो. हवालदार भला माणूस. आधी "बसा" म्हणाला, मग पेन काढलं.

"घटना कोठं घडली?"

"समुद्रात."

"समुद्र कोन्या ठान्याच्या हद्दीत येते?"

"मले काय माहीत?"

"जवळचं गाव सांगा मंग."

"गाव नव्हतंच. पाणी होतं."

"असं कसं? कोनतं ना कोनतं गाव तं असंलच. पोलीस पाटील कोन तिथचा?"

त्याने खूप विचार केला. शेवटी म्हणाला, "असं करा, पुढच्या वेळी हद्दीत पडा." चेष्टा करत नव्हता. मनापासून सल्ला देत होता.

५ फेब्रुवारी

आज भंडाऱ्याला कोर्टात. हर्षा गाडी चालवते, मी मागच्या सीटवर पालथा. कोंढा ते भंडारा रस्ता मी आयुष्यभर पाहिला, पण सीटच्या कापडाची वीण आजच नीट पाहिली.

ज्या वकिलाचं नाव लोकांनी सुचवलं होतं, ते अपघाताचेच खटले चालवतात. ट्रक, ट्रॅक्टर, टिप्पर. त्यांनी कागद ओढला.

"बसा. गाडीचा नंबर?"

"जहाज आहे साहेब."

"जहाजाचा नंबर."

"लिहून नाही घेतला."

"तिथंच चुकता तुम्ही लोक. ड्रायव्हरकडे लायसन होतं?"

"कॅप्टन म्हणतात त्यांना. असेल."

"असेल नको, होतं का नव्हतं? तुम्ही कोन्या बाजूनं चालले होते? डाव्या का उजव्या?"

"उजवीच शोधत होतो."

त्यांनी "अशील उजव्या बाजूच्या शोधात" असं लिहिलं, आणि मला अर्ज टाइप करून आणायला खाली पाठवलं.

कोर्टाबाहेरचा टायपिस्ट कामात पक्का. माझं म्हणणं डोळे मिटून ऐकलं आणि क्षणात कागद काढून दिला. मी वाचला. "अर्जदार हा रात्री धानाच्या जागलीस असताना सदर जहाज झुडपातून अचानक बाहेर आले व त्याने अर्जदारास मागून जोरदार धडक दिली. गावकऱ्यांनी आरडाओरड केल्यावर सदर जहाज जंगलाच्या दिशेने पळून गेले. तरी सदर जहाजाचा बंदोबस्त करावा, ही विनंती."

"हा तर रानडुकराचा अर्ज आहे," मी म्हणालो.

"हाव ना. डुकराच्या जागी जहाज टाकलं."

"पण असं घडलं नाही."

"साहेब," तो जरा दुखावला, "हा नमुना आजपर्यंत एकदाही परत आला नाही."

हर्षा परतीच्या वाटेवर एवढी हसत होती, की पहेल्याजवळ गाडी बाजूला घ्यावी लागली. मी तोंड सीटमध्ये खुपसून होतो; म्हणून तिला माझं हसू दिसलं नाही. शिमगा जवळ येतो आहे आणि माझ्या हातात फक्त झुडपातलं जहाज आहे.

१३ फेब्रुवारी

शेवटी वकील मिळाली, आणि तीही पूल ओलांडायच्या आधी. वैनगंगेच्या अलीकडे कारध्यात, पशुखाद्याच्या दुकानावर एका खोलीत. आम्ही दर वेळी तिच्या पाटीखालून भंडाऱ्याला गेलो, पण मोठा वकील नदीपलीकडेच असतो असं आपलं आपल्याशी ठरलेलं. प्रतिक्षा तिचं नाव, हर्षाची कॉलेजातली मैत्रीण. वय बेताचं. मी दारात उभा राहिलो आणि "बसा" ऐकायची तयारी केली. तिने माझ्याकडे पाहिलं, खुर्ची सरकवली आणि स्वतःही उभी राहिली.

"काकाजी, उभ्यानंच बोलू," ती म्हणाली.

तिथेच मी वकीलपत्रावर सही केली. कायदा किती येतो ते नंतर पाहू म्हटलं.

तिने समजावलं ते असं: ग्राहक आयोगात आपल्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पण तिकीट कंपनीने काढलेलं, तर मी ग्राहक आहे की नाही यावर जहाजवाले आधी भांडतील.

"पन तुमाले नेमकं पाह्यजे काय? भरपाई?"

"नको. मी पेलो नव्हतो, एवढा कागद."

तिने पेन खाली ठेवलं. "असा अशील पहिल्यांदा आला," म्हणाली.

हर्षा मध्येच बोलली. "नोटिशीत कॅमेऱ्याचं चित्रण माग. हॉलच्या दारासमोरचं. बाबा पडले त्याच्या आधीचं अन् नंतरचं पन."

"नंतरचं कशाला?" मी विचारलं. "पडल्यावर माणूस पडलेलाच असतो."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मैत्रिणींचं काही सांगता येत नाही.

२१ फेब्रुवारी

देवाजींना फोन करून सगळं सांगितलं. नोटीस गेली म्हटल्यावर "वा वा" म्हणाले. कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं म्हटल्यावर फोन खाली पडल्याचा आवाज आला.

पुन्हा कानाला लावून म्हणाले, "कॅमेरा कायले भाऊ? साधा कागद मांगा ना."

"अहो, कागदावर कोणीही शिक्का मारतो. चित्रण म्हणजे चित्रण."

"पन कोर्टकचेरीत घराची इज्जत जाते. आपन सोयरे मानसं. मी असं करतो, बेबीले समजावतो. तुमी थे केस मांगं घ्या."

महिन्याभरापूर्वी हाच माणूस लढा म्हणत होता. माझ्या हाडाची काळजी आता त्यांना माझ्याहून जास्त वाटते. ललिताला सांगितलं तर तिने पोळी लाटता लाटता फक्त "हं" केलं. ललिताचं "हं" मला लग्नापासून कळलेलं नाही.

६ मार्च

जहाजवाल्यांचं उत्तर आलं. चार पानी इंग्रजी. प्रतिक्षाने फोनवर मराठी केलं: फरशी ओली नव्हती, दोष जहाजाचा नाही, प्रवाशांनी बाहेर पडायच्या वाटेत स्वतःच्या पादत्राणांचा ढीग घातला, तो आमच्या कर्मचारी मुलीने विनवूनही हलवला नाही, पुरावा म्हणून चित्रण सोबत जोडलं आहे.

"म्हणजे चित्रण मिळालं!" मी ओरडलो.

"मिळालं. पन काकाजी, तुमी आधी एकटे येऊन पाहून घ्या."

"मी पेलेला दिसतो का त्यात?"

"नाही. तुमी एकदम सरळ आहा. पन तरी..."

"मग झालं! रविवारी सगळ्यांसमोर लावायचं. देवाजी, बेबीबाई, विक्की, सगळ्यांना बोलावतो. खऱ्याला तालीम लागत नाही."

ती "हर्षाले विचारून घ्या" म्हणाली. हर्षाला विचारलं. हर्षा म्हणाली, "बोलवाच."

देवाजी येत नव्हते. बरं नाही म्हणाले, पाठीत उसण म्हणाले. मग बेबीबाईंनीच फोन घेतला. "मी आनतो याईले," म्हणाल्या.

९ मार्च

हे नीट क्रमाने लिहायला हवं.

दुपारी सगळे आले. बेबीबाई पुढे, विक्की मागे, आणि त्याच्या मागे देवाजी. पायात त्याच तपकिरी चपला. दाराशी सगळ्यांनी चपला काढल्या. शकुनबाई कोणी न बोलावता आल्या आणि सर्वांत पुढे बसल्या. ललिताने पोहे दिले. मला तीनदा "बसा" म्हणून झाल्यावर प्रतिक्षाने पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला.

चित्रणाला आवाज नव्हता. आधी मी दिसलो. दाराशी थांबलो, आत पाहिलं, हात जोडले, चपला काढल्या. डावी इकडे, उजवी तिकडे.

"पाहा," मी म्हणालो, "चाल पाहा. सुतासारखी."

"हाव बाप्पा," बेबीबाई म्हणाल्या. "चालते तं बरोबर."

मागून एकोणचाळीस जण आले, काढून आत गेले. दार बंद. मग बराच वेळ नुसता ढीग. प्रतिक्षाने ते पुढे पळवलं. दार उघडलं, देवाजी बाहेर आले.

"फोन कराले आलो होतो," देवाजी टीव्हीच्या आधी बोलले.

"बाबा, जहाजात तं नेटवर्कच नोहोतं म्हने," विक्की म्हणाला.

टीव्हीतले देवाजी इकडे तिकडे पाहून खाली बसले आणि ढीग चाळू लागले. निंदणाला बसलेल्या बाईच्या नेटाने. एक चप्पल उचलली, पायाला लावली, ठेवली. दुसरी उचलली. मग तळातून माझी उजवी निघाली. ती घातली, पट्टा लावला, पाय लांब करून पाहिला, दोन पावलं चालून पाहिलं. आणि मग डावी शोधायला लागले.

खोलीत कोणी पोहे चावत नव्हतं.

दार पुन्हा उघडलं, मी आलो. डावी घातली. उड्या मारायला लागलो. तिकडे देवाजींनी उजवा पाय उचलून डाव्याच्या मागे लपवला. ढिगाच्या या बाजूला एका पायावर मी, त्या बाजूला एका पायावर ते. तळ्याच्या पाळीवर दोन बगळे उभे असावेत तसं दिसत होतं. मग ते वळले, त्यांच्या पायाने ढीग सरकला, आणि मी बसलो.

टीव्हीतला मी पडलो तेव्हा इथला मी पुन्हा एकदा कळवळलो.

देवाजींनी माझा डावा पाय मांडीवर घेतला. पट्टा सोडला. चप्पल काढली. आपल्या पायात घातली. पट्टा लावला. पाय परत जमिनीवर ठेवला, अगदी हळुवार. तेवढं मात्र म्हणायला हवं. आणि मग दोन्ही हात वर करून लोकांना हाका मारल्या.

प्रतिक्षाने चित्र थांबवलं. मी पेलो नव्हतो हे सिद्ध झालं होतं, खुद्द जहाजाच्या कॅमेऱ्याने. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"म्हणजे तुम्ही पाय चोळत नव्हते?"

देवाजी पोह्याच्या ताटलीत पाहत म्हणाले, "मले वाटलं, उजवी कंपनीच्या मोठ्या साहेबाची होय. तुमची आहे म्हून माहीत असती तं हातही नसता लावला, भाऊ."

"अन् डावी?" बेबीबाईंनी विचारलं. "थे तं याईच्या पायातच होती ना! पायातून काढताना तरी समजलं असंल, कोनाची होय म्हून?"

"समजलं ना. पन तवरीक उजवी घालून झाली होती." त्यांनी वर पाहिलं. खरोखर अडचण सांगत होते. "एक ठेवून काय करतो?"

बेबीबाई उठल्या. "अन् पेऊन पडले म्हून बोंब कोनं ठोकली? तुमीच ना? मानसं विचारत असतील, हे उड्या काहून मारत होते?"

देवाजींनी नाही म्हटलं नाही. म्हणजे पवनीचा इश्वर फक्त पापडाचा गुन्हेगार.

बेबीबाई हर्षाजवळ गेल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाई, तुझ्या बापाले मी बेवडा म्हनलं. चुकलं माहं. पन हे लगन मी करत नाही. आमच्या दारात तू रोज चपला मोजत बसशीन."

विक्की उठून उभा राहिला. लग्न मोडलेल्या मुलाचं तोंड उतरतं. त्याचं का कोण जाणे उजळलं होतं. जाताना हर्षाला "थँक्यू" म्हणाला. कशाबद्दल ते कळलं नाही.

दाराशी देवाजी क्षणभर थांबले. तपकिरी चपलांकडे पाहिलं, आणि अनवाणीच अंगणात उतरले. मार्चचं ऊन, फरशी तापलेली. मघाचाच बगळा पुन्हा दिसला. ललिता धावत गेली माझ्या जुन्या रबरी चपला घेऊन.

"भाऊजी, घाला. पाय भाजतीन."

त्यांनी घातल्या. मागे वळून पाहिलं नाही.

१५ मार्च

मला आता कोणी बेवडा म्हणत नाही. शकुनबाईंनी त्या रविवारी टीव्हीचं चित्रण मोबाईलमध्ये उतरवून घेतलं होतं, त्यामुळे माझं निर्व्यसनीपण तीन तालुक्यांत पोहोचलं. शिमग्याला पोरांनी माझं सोंगही काढलं: गावभर एका पायावर. अब्रू मिळाली, पण एकाच पायाची.

आज हर्षाला त्या तपकिरी चपला आतून पाहताना पाहिलं. पट्ट्याखाली गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका. तिनेच लावलेला, ओळखायला.

"म्हणजे देवाजी पहिल्यांदा आले तेव्हाच तुला माहीत होतं?"

"हाव."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी मानलं असतं? तुमी तं त्याईनं पाय चोळला म्हून गावभर सांगत होते." मग चपला खाली ठेवून म्हणाली, "अन् बाबा, माहं लगन ठरवताना मले कोनी विचारलं होतं का?"

"जहाजावर नेटवर्क नव्हतं," मी म्हणालो.

ती हसली नाही. मीही नंतर बराच वेळ काउंटरपाशी उभा होतो. डॉक्टरांनी आता थोडं बसायला हरकत नाही म्हटलं आहे, पण भीती वाटते.

२ एप्रिल

प्रतिक्षाने तक्रार तयार केली. जहाजवाल्यांचं अजून एक पत्र आलं: हॉलच्या दारावर त्यांनी आता मराठीत पाटी लावली आहे, "कृपया चपला घालूनच आत यावे". भंडारा जिल्ह्याने समुद्राला दिलेली ही पहिली भेट.

"एकच ठरवायचं आहे," ती म्हणाली. "ढीग सरकला तो देवाजींच्या पायानं. त्याईलेही सामनेवाले करायचं का? केलं तं केस मजबूत होते."

मी विचार करून सांगतो म्हणालो. घरी येऊन हर्षाला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

मीच बोलतो आहे की टीव्ही, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

"दोन-चार दिवस द्या. सांगतो," म्हणाली.

७ एप्रिल

सकाळी एसटीच्या कंडक्टरने दुकानात एक पुडकं टाकलं. "तुमसरवरून हातोहात आलं," म्हणाला. वर माझं नाव, आत एक रबरी चप्पल. डावी. धुऊन पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. चिठ्ठी नाही, काही नाही. मी पुडकं उलटं करून झटकलं. उजवी नव्हतीच.

ललिता हातात घेऊन पाहत म्हणाली, "एकच काहून धाडली जी?"

"दुसरी द्याले थे स्वतः येतीन," हर्षा म्हणाली. "यायचं तं आहे, पन तोंड नाही. म्हून एक पुढं धाडली." मग प्रतिक्षाला फोन लावून माझ्या हातात दिला. "सांगा तिले. जहाजाले सोडू नका म्हना. पन देवाजीकाकाजींचं नाव नोको."

"अगं, पण ते उजवी घेऊन आले नाही तर?"

"येतीन ना, बाबा," ती म्हणाली. चेहरा सरळ, आवाज हुबेहूब देवाजींचा. "एक ठेवून काय करतो?"

आधी ललिता हसली. मग फोनमधून प्रतिक्षा. मला कुठून हसू फुटलं ठाऊक नाही, पोटात कळ येईस्तोवर हसलो, काउंटर सुटला, तोल मागे गेला. मागे युरियाच्या पोत्यांची थप्पी होती. डोळे पुसून पाहतो तर दुकान एकदम उंच झालेलं, काउंटर माझ्या नाकासमोर, आणि दारात गिऱ्हाईक उभं.

मी उठायला लागलो.

"राहू द्या जी," ते म्हणालं. "बसा, बसा."